चौथा दोरा

शेजारी राहिलं की दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला फुकट ऐकू येतं. फळीवर जागा उरली नाही की आपण डब्यात डबा घालून ठेवतो ना, तसे कांबळ्यांच्या घरातले किस्से माझ्या डोक्यात एकात एक बसलेत. एक काढायला जावं, तर चार खडखडत खाली येतात! आमचे हे म्हणतात, "सातवीत तुझी शाळा सुटली तेच बरं झालं. आणखी शिकली असतीस तर पेपर काढला असतास." पेपर राहू दे. लिहून तरी काढते.

आमची आणि कांबळ्यांची भिंत एक, पुढचा कट्टाही एकच. त्यांच्या सोप्याची, म्हणजे पुढच्या खोलीची, खिडकी बरोबर त्या कट्ट्यावर उघडते. तांदूळ निवडायला मी तिथंच बसते. तांदळात खडे असोत नसोत!

घरात माणसं दोनच. बाबूराव भाऊजी पोस्टातून रिटायर झालेले, आयुष्यभर गावोगावची पत्रं आपापल्या खणात टाकलेले. शांतावहिनी जाऊन चार वर्षं झालेली. आणि मुलगी उज्ज्वला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला लागलेली. तयार झालेला पंप चालवून बघायचा, पाणी किती उचलतो ते मोजायचं आणि पास की नापास ते ठरवायचं.

दोन हजार पाच-सहाचा तो काळ. तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. भाऊजी येईल-जाईल त्याला सांगायचे, "उरकून टाकायचं हाय एकदाचं!" आणि उज्ज्वला एक दिवस मला हळूच म्हणाली, "काकू, मी गेल्यावर बाबा ह्या घरात कुणाकडं बघत बसणार ओ? कायतरी हलतं-फिरतं पायजे की घरात."

म्हणून तिनं माशांची टाकी करायला घेतली. अट एकच. टाकीतलं पाणी आपलं आपण फिरलं पाहिजे, बाबांना एकट्याला सांभाळता आलं पाहिजे. "ते जमल्याशिवाय मी कुणाला हो म्हणणार न्हाई," म्हणाली.

०

टाकी केली शौकतभाईंनी. त्यांचा काचेचा धंदा, आणि बाबूराव भाऊजींचे ते शाळेपासूनचे दोस्त. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हौदच म्हणा! एवढी टाकी अरुंद दारातून वळून आत येणार कशी? म्हणून काचा एकेक करून आत नेल्या आणि सोप्यातच चिकटवल्या.

आता त्या चिकटवायच्या मसाल्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, हे मला काय ठाऊक! वास भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात. मी दोन दिवस माझ्या लोणच्याच्या बरण्या हुंगत होते. तिसऱ्या दिवशी लिंबाची अख्खी बरणी उकिरड्यावर नेऊन ओतली. परत येताना बघते तर कांबळ्यांच्या खिडकीतून तोच वास!

मी दारात जाऊन उभी राहिले, हातात रिकामी बरणी. शौकतभाईंनी एकदा बरणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"भाभी, टाकी सुकायला आणि दोन दिवस हायत. तवर मिरचीची तेवढी ठेवा!"

जाताना त्यांनी दाराचं माप डोळ्यानंच घेतलं आणि म्हणाले, "बाबू, ही टाकी आता ह्या घरातनं जात न्हाय बघ. पोरगी जाईल, टाकी हितंच."

 भाऊजी स्वच्छ काच फडक्यानं पुन्हा पुसत बसले.

०

पहिला प्रयोग बुडबुड्यांचा. हवेचा छोटा पंप, त्याची नळी तळाला, आणि खालून वर बुडबुड्यांची माळ. दिसायला फार गोड. पण तो पंप गुणगुणायचा, आणि ठेवला होता आमच्या भिंतीला टेकवून.

आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपमधले. इंजिनातली खडखड लांबून ओळखणारा माणूस. पण घरातली गुणगुण काही ओळखू येईना! "भुंगा हाय. भिंत पोखरायलाय," म्हणाले. कॉट सरकवली, कॅलेंडरं उतरवली, देवाचे फोटो उतरवले. दुसऱ्या दिवशी भिंतीला कान लावून इंच-इंच पुढं सरकत गेले आणि ओरडले, "हितं हाय!" आणि पायातली चप्पल काढून भिंतीवर चार सणसणीत रट्टे!

पलीकडून भाऊजींचा शांत आवाज आला.

"या की आत! दार उघडंच हाय."

बुडबुड्यांची गोडी मात्र महिनाभरच टिकली. उज्ज्वला म्हणाली, "एवढ्या मोठ्या टाकीत बुडबुड्यांचा जोर पुरत न्हाई काकू. जवळचं पाणी वर-खाली होतंय, लांबचा कोपरा तसाच. खाणं तिथं साठतंय आणि कुजतंय."

तो लांबचा कोपरा म्हणजे बरोबर भाऊजींच्या खुर्चीजवळचा.

०

पाणी कुठं फिरतं आणि कुठं नाही, ते डोळ्यांना दिसणार कसं? कारखान्यात त्याला मीटर असतो म्हणे. उज्ज्वलानं काय केलं, तर बांबूच्या चार काड्या टाकीत ओळीनं रोवल्या आणि प्रत्येकीला बोटभर लाल लोकरीचा दोरा बांधला. पाणी फिरलं की दोरा आडवा होऊन लहरतो. पाणी थांबलं की लटकतो. सोपं!

लोकर माझी. यांचा स्वेटर सुईवर होता, त्यातली दिली. सुरुवातीला चारच दोरे, पण ते पाण्यात आठ-पंधरा दिवसांनी विटायचे. मग, "काकू, जरा लोकर?" मी काय नाही म्हणणार! शेवटी स्वेटरची उजवी बाही चार बोटं आखूड झाली. हे तो तसाच घालून वर्कशॉपला गेले. तिथं कुणीतरी विचारलं, "काय ओ, हात वाढला काय?"

हे म्हणाले, "हात हाय तेवढाच हाय. बाही माशांनी खाल्ली!"

पहिला, दुसरा, तिसरा दोरा कशानंही हलायचे. अडायचं ते चौथ्यावर. भाऊजींच्या खुर्चीजवळच्या.

०

एक स्थळ आलं कोडोलीचं. मुलगा बिचारा गरीब, मान खाली घालून बसलेला. सगळं बोलणं त्याच्या मामाचं. मामांना विहिरीवरच्या मोटारींचा अनुभव दांडगा. पोहे हातात घेऊनच ते टाकीभोवती फिरले.

"बुडबुड्यानं काय हुतंय ओ? ह्येला जोर पायजे जोर! पाणी कसं दणादण फिरलं पायजे!"

नुसतं बोलून थांबतील तर ते मामा कसले! गाडीत कूलरचा नवा पंप होता, कुणासाठी तरी नेत होते. तो आणला, टाकीत सोडला आणि उज्ज्वला "अहो, थांबा" म्हणेपर्यंत बटण दाबलं.

काय सांगू! टाकीत वावटळ उठली. मासे एका बाजूच्या काचेला जाऊन चिकटले. लाल दोरे काड्यांसकट उपटून वर आले. पाण्याची धार सोप्यात, सतरंजी भिजली, आणि एक सोनेरी मासा घाबरून असा उडाला, की थेट मामांच्या ताटलीत!

उज्ज्वलानं बटण बंद केलं, ओंजळीतून मासा पाण्यात सोडला. मामा खोबरं-कोथिंबीर झटकत उभे. कुणाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात भाऊजी अगदी आदबीनं म्हणाले,

"पावणं, पोह्यात मासा घालायची आमच्यात पद्धत न्हाय. तुमच्यात हाय का?"

०

पुण्याचा इंजिनिअर मुलगा आला तो दिवस वेगळाच. आई-वडील बरोबर. मुलगा खिशाला पेन लावूनच बसलेला. टाकी दिसली आणि त्यानं लग्नपत्रिकेचा एक जुना लिफाफा मागून घेतला. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. मग अर्धा तास भाषण! पाणी तासाला किती वेळा फिरलं पाहिजे, वाळूखाली जाळी टाकून पाणी वाळूतूनच कसं ओढलं पाहिजे, पाईप किती इंची. उज्ज्वला समोर बसून ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "वाळू धुवायला दर महिन्याला सगळी टाकी उपसायला लागंल. बाबांना एकट्याला कसं जमंल?"

"तुम्हाला यातलं टेक्निकल कळायचं नाही," तो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता हो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा भाऊजींनी घसा साफ केला. "आमची उज्ज्वला दिवसभर पंपच बघती. कारखान्यातला एक पंप तिच्या सहीशिवाय बाहेर पडत न्हाय. पास की नापास, ती ठरवती."

 मुलानं पेनाचं टोपण लावलं. त्याची आई मात्र खरी बाई! तिला हसूच आलं. म्हणाली, "मग काय गं पोरी, आमच्या मुलाचं काय केलंस? पास की नापास?"

उज्ज्वला चहाचे कप उचलत म्हणाली, "रिटेस्टिंगला ठेवलाय, काकू!"

त्या बाईचा दिवाळीला अजून फोन येतो. मुलाचा नाही.

०

मग आलं लोडशेडिंग. दिवसातून कितीतरी तास वीज नाही. पंप बंद, पाणी गप्प, आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागायचे. उज्ज्वला कारखान्यात. घरात भाऊजी एकटे. मग काय, प्लॅस्टिकचा मग घ्यायचा, पाणी भरायचं, उंचावरून ओतायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं. उंचावरून पडताना पाण्यात हवा मिसळते, हे त्यांना लेकीनं शिकवलेलं.

भाऊजींची ओतायची लयही पोस्टातलीच! ठप्प, ठप्प, ठप्प. पत्रांवर शिक्के मारल्यासारखी.

मी जाऊन म्हटलं, "द्या हिकडं भाऊजी, हात भरून आला असंल." मग रोजचंच झालं. वीज गेली की मी, शौकतभाई, आमचे हे, आळीपाळीनं. मी तर एका हातानं ओतायची आणि तोंडानं गल्लीतल्या बातम्या सांगायची. एक दिवस उज्ज्वला लवकर घरी आली, दारातच थांबून बघत राहिली आणि म्हणाली,

"काकू, तुम्ही ओतताना मासे तळाला जातात. बाबा ओतताना वर येतात."

शौकतभाई म्हणाले, "त्यांना शांतता पायजे, बातम्या नगोत!"

पण त्या दिवशी तिनं ठरवलं. वीज कमी खाणारा छोटा पंप घेतला, तो नव्या इन्व्हर्टरला जोडला. टाकीच्या मागच्या काचेला आडवा पाईप बसवला, त्याला ओळीनं बारीक भोकं. सगळीकडून हळूहळू पाणी येणार, कुठंच वावटळ नाही. आणि पाईपच्या शेवटाला एक फिरता एल्बो, म्हणजे वाकडं तोंड. ते बरोबर चौथ्या दोऱ्याकडं वळवलेलं. बंद करायची भानगड नाही, उपसायची नाही. आठवड्यातून एकदा पंपाचा स्पंज धुवायचा, बस्स.

बटण दाबलं. एक, दोन, तीन. आणि चौथा दोरा लहरला!

शौकतभाईंनी टाळ्या वाजवल्या. मी साखर आणली. भाऊजी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "झालं की! आता उरकून टाकायचं एकदाचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा दोरा लटकलेला.

०

उज्ज्वलानं एल्बो सरळ केला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिनं पंप उघडून बघितला, पाईपची भोकं सुईनं साफ केली, एल्बो सैल असेल म्हणून नवा आणला. तरी तेच. "कारखान्यात असला पंप मी कवाच नापास केला असता," म्हणायची. तेवढ्यात दोन चांगली स्थळं परत गेली. "टाकी मार्गी लागू दे," हेच तिचं उत्तर.

मला वाटायचं, पोरगीच मुद्दाम करते. लग्न करायचं नाही, म्हणून टाकीचं निमित्त.

एक दिवस सकाळी ती कामाला गेली. मी कट्ट्यावर ताट घेऊन बसले. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला. भाऊजी खुर्चीवरून उठले. दाराकडं बघितलं. टाकीचं झाकण उचललं, आणि सदऱ्याची बाही न दुमडताच उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. एल्बो हळूच भिंतीकडं फिरवला. चौथा दोरा दोनदा हलला आणि लटकला. मग ते परत खुर्चीत बसले. ओल्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. त्या गप्प दोऱ्याकडं ते असे बघत बसले, जसं एखादं पत्र कुणाच्याच खणात टाकायचं नाही असं ठरवलंय.

माझं ताट हातातच राहिलं.

गल्लीत मला सगळे ओळखून आहेत. सकाळी मला कळलं की दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. यांनासुद्धा नाही! पोटात दुखलं दोन दिवस. ओवा खाल्ला, पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बरं न्हाय का तुला? गप्प गप्प हायस."

०

आता शेवटचा किस्सा.

मुरगूडचं स्थळ आलं. मुलगा मिलिंद. नोकरीसाठी इथंच शहरात राहणारा, पाणी सोडायच्या कामावर. लांब लोखंडी चावी घेऊन गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवणारा. उज्ज्वलापेक्षा शिक्षण कमी, म्हणून भाऊजी जरा नाखूशच. अकराची वेळ ठरलेली. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पोह्याला फोडणी घालत होते, उज्ज्वला मागच्या खोलीत साडी नेसत होती. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्या मधे फक्त एक पडदा, आणि पडदा म्हटल्यावर मी कुठं उभी राहणार ते सांगायला नको.

पाहुणे साडेदहालाच आले! म्हणजे मुलगा एकटाच पुढं आला. आई आणि काका कोपऱ्यावर हार घ्यायला थांबलेले. दार उघडंच होतं. आत येऊन बघतो तर भाऊजींचा हात कोपरापर्यंत टाकीत!

भाऊजींनी दचकून हात बाहेर काढला. नवा पांढरा शर्ट, उजवी बाही पिळून काढावी इतकी ओली.

"मासं... मासं बघत हुतो जरा."

"बघा की मामा," मुलगा म्हणाला आणि समोर बसला. शांत माणूस. त्यानं पंप बघितला, पाईप बघितला. एक, दोन, तीन दोरे बघितले. चौथ्याशी नजर थांबली. मग ती एल्बोवर गेली. मग भाऊजींच्या बाहीवर.

पोहे कढईत लागायला लागले होते. मी हलले नाही.

मिलिंद उठला. बाही न दुमडताच त्यानं हात पाण्यात घातला आणि एल्बो सरळ केला. चौथा दोरा लहरायला लागला. भाऊजींचा चेहरा इतकासा झाला. मिलिंदनं त्यांच्याकडं बघितलं, थोडा वेळ तसाच हात पाण्यात ठेवून उभा राहिला. आणि एल्बो पुन्हा होता तसा भिंतीकडं फिरवला. दोरा लटकला.

"मामा, असंच राहू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "ह्यो कोपरा बघायला आमाला दर रविवारी यायला लागंल."

भाऊजींनी नुसती मान हलवली. 

उज्ज्वला ट्रे घेऊन बाहेर आली, तर समोर दोन माणसं. दोघांच्या उजव्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि दोघंही पंख्याकडं बघत बसलेले!

"काय झालं?"

"काय न्हाय," मिलिंद म्हणाला. "मामांनी मासं दाखवलं."

तिनं चौथ्या दोऱ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. मग म्हणाली, "मी नोकरी सोडणार न्हाई हं."

"सोडू नगाच की! पंपच चालला न्हाय, तर मी गल्लीत पाणी कुठनं सोडू?"

तेवढ्यात त्याची आई आत आली आणि नाक वर करून म्हणाली, "कायतरी करपायलंय बघा!"

लग्न झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पोरगी शहराच्या दुसऱ्या टोकाला नांदायला गेली. टाकी इथंच. दर रविवारी दोघं स्कूटरवरून येतात. आल्या आल्या उज्ज्वला टाकीत हात घालून एल्बो सरळ करते. चारही दोरे लहरतात. भाऊजी म्हणतात, "बघ, कसं झकास फिरायलंय पाणी! आठवडाभर काय झालं हुतं कुणास ठाऊक." मग मटण होतं, शौकतभाई येतात, दिवस जातो.

परवाच्या रविवारी संध्याकाळी मी कट्ट्यावर तांदूळ घेऊन बसले होते. निघायची वेळ. भाऊजी दुकानातून नवरा-बायकोसाठी भडंग आणायला गेलेले. मिलिंदनं स्कूटर चालू केली. उज्ज्वला मागं बसणार, तेवढ्यात म्हणाली, "थांबा, पर्स राहिली आत."

पर्स तिच्या खांद्यालाच होती!

ती आत गेली, लगेच बाहेर आली. भाऊजी पळत आले, भडंगाची पुडी तिच्या हातात दिली. "सावकाश जावा रं!" ती मागं बसली, उजवा हात मिलिंदच्या खांद्यावर ठेवला. मी मान खाली घालून तांदूळ निवडायला लागले. वर बघितलं तेव्हा स्कूटर कोपऱ्यावर वळत होती, आणि मिलिंदच्या इस्त्रीच्या शर्टावर खांद्यापासून पाठीपर्यंत पाण्याचा एक लांब ओघळ उतरत चालला होता.